काळ्या गाडीला वॅक्स की सीलंट? आधी रोजचं फडकं बदला

पत्र : आम्ही फेब्रुवारीत तीन वर्षं वापरलेली काळी सेडान घेतली. दिवसा सावलीत छान दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली किंवा दुपारच्या उन्हात बोनेटवर बारीक रेषांचं जाळं दिसतं. पार्किंग उघड्यावर, शिरीषाच्या झाडाखाली आहे. सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसायला एक मामा येतात. डिटेलिंगवाल्यानं सिरॅमिक कोटिंगचे ३२ हजार सांगितले. भावानं कार्नोबा वॅक्सची डबी आणून दिली. ॲक्सेसरीजचा दुकानदार म्हणतो, पॉलिमर सीलंट घ्या. सासरे म्हणतात, आम्ही रॉकेलचा बोळा फिरवायचो आणि गाडी आरशासारखी दिसायची. कुणाचं ऐकू? आणि जे काही लावायचं ते पावसाआधी की पाऊस संपल्यावर?
– काळ्या गाडीची मालकीण, चिंचवड

ताई, चौघांपैकी तुमच्या दुकानदाराचं ऐका, पण आज संध्याकाळीच बाटली घेऊन बसू नका. तुमची गाडी, तुमचं पार्किंग आणि तोंडावर आलेला पाऊस पाहता सीलंट, म्हणजे रंगावर चढवायचा कृत्रिम संरक्षक थर, हीच योग्य निवड आहे. ते लावण्याआधी मात्र दोन कामं झाली पाहिजेत. त्यातलं पहिलं काम कुठल्याही बाटलीत मिळत नाही. ते रोज सकाळी बोनेटवर फिरणाऱ्या फडक्याचं आहे.

तुम्हाला दिसणाऱ्या रेषा रंगात नाहीत. आजकालच्या गाडीवर पत्र्याला लागून प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. कारागीर त्याला ‘क्लिअर’ म्हणतात. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. चकाकी जी काही आहे ती या थराची. तो सपाट असेल तर उजेड एका दिशेनं परततो आणि झाडाचं पान न् पान बोनेटमध्ये स्पष्ट दिसतं. त्यावर बारीक चरे पडले की उजेड विखुरतो. चरे सगळ्या दिशांनी गेलेले असतात, पण डोळ्याला फक्त दिव्याभोवती गोल फिरणारे तेवढे चमकताना दिसतात. काथ्यानं घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून पाहा, अशीच वर्तुळं दिसतील. पांढऱ्या गाडीवरही चरे इतकेच पडलेले असतात, पण तिथे विखुरलेला उजेड पांढऱ्या रंगातच मिसळून जातो. काळा रंग स्वतः उजेड परत देत नाही, त्यामुळे चऱ्यावरून परतलेली प्रत्येक रेघ त्यावर उठून दिसते. काळी गाडी जास्त नाजूक असते असं लोक म्हणतात, ते खरं नाही. ती काही लपवत नाही, एवढंच.

हे चरे येतात ते कोरडी धूळ पुसल्यामुळे. तुमच्याकडे ती धूळ साधी मातीचीही नाही. चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण हवेत असतात, बांधकामांची सिमेंटची भुकटी असते, रस्त्यावरच्या दगडाची पूड असते. रात्री गाडीवर बसलेला हा थर सकाळी अर्धवट ओल्या फडक्यानं रेटला की प्रत्येक कण क्लिअरवर आपली रेघ ओढत जातो. हे रोज चालतं. ३२ हजारांचं कोटिंग करा नाहीतर ३०० रुपयांचं वॅक्स लावा, हे फडकं थांबलं नाही तर दिवाळीपर्यंत जाळं परत येणार.

यात मामांना दोष देऊ नका. एका सकाळी वीसेक गाड्या, एक बादली, दोन फडकी आणि सगळ्यांना ऑफिसला जायची घाई, यात दुसरं काय होणार? त्यांचे पैसे कमी करू नका. त्यांना शांतपणे सांगा, ‘मामा, आमच्या गाडीच्या फक्त काचा, आरसे आणि टायर करा, रंगाला हात लावू नका.’ काचांसाठी वेगळं मायक्रोफायबर तुम्हीच द्या. सुरुवातीला गाडी धुळकट दिसेल आणि शेजारी विचारतीलही. दिसू द्या. धूळ नुसती बसून राहिली तर चरा पाडत नाही, पुसली की पाडते.

हाच नियम सर्व्हिस सेंटरला. गाडी देताना जॉब कार्डावर ‘वॉशिंग नको’ असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या. फुकटचं धुणं म्हणून मिळणारा तो स्पंज तुमच्याआधी चिखलानं भरलेल्या कितीतरी गाड्यांवर फिरलेला असतो. ब्रशवाली स्वयंचलित वॉशिंग मशीन काळ्या गाडीला दाखवूसुद्धा नका. आणि झाडाखाली राहते म्हणून कव्हर घ्यायचा विचार असेल, तर तोही सोडा. धुळीच्या गाडीवर चढवलेलं कव्हर वाऱ्यानं हलत राहतं आणि दिवसभर तेच काम करतं जे फडकं दहा मिनिटांत करतं. कव्हर बंद गॅरेजमध्ये, धुतलेल्या गाडीवर.

मग गाडी धुवायची कशी? आठवड्यातून एकदा, सावलीत, बोनेट हाताला गार लागत असताना. आधी नुसतं पाणी मारून सुटी माती वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं आणि प्रत्येक पॅनेलनंतर तो साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत घालायचा. दारांचा खालचा भाग आणि चाकं शेवटी, वेगळ्या कपड्यानं. भांड्यांचा साबण वापरू नका, तो लावलेलं वॅक्स उतरवतो. सोसायटीत पाइप वापरू देत नसतील तर रिन्सलेस वॉश मिळतो. चार-पाच लिटर पाण्यात तो मिसळायचा, भरपूर भिजवलेल्या मायक्रोफायबरनं एकेक पॅनेल करायचं आणि प्रत्येक पॅनेलला फडक्याची नवी बाजू घ्यायची. लगेच कोरड्या टॉवेलनं टिपायचं, वरून धुवायचं नाही.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण काळ्या गाडीचं अर्धं दुखणं पाण्यातच आहे. धरणातून येणारं नळाचं पाणी आपल्याकडे बरंचसं मऊ असतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि पांढरी कडी मागे राहते. उन्हात ती क्लिअरमध्ये रुतते आणि मग धुऊन जात नाही. बऱ्याच घरांत आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुतात. पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशीला वापरा, गाडीला नको. बोअरशिवाय पर्याय नसेल तर शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या आणि एकही थेंब स्वतःहून वाळू देऊ नका. जाड मायक्रोफायबर टॉवेल पॅनेलवर पसरून टिपून घ्या, रगडू नका. ताजे पांढरे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या कपड्यानं अर्धा मिनिट ठेवा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. त्यानं गेले नाहीत तर ते आत रुतलेत असं समजा, पॉलिशशिवाय जाणार नाहीत.

आता दुसरं काम, म्हणजे आधीच पडलेले चरे. वॅक्स किंवा सीलंट चरा काढत नाही. ते वर बसतं. चरा काढायचा तर त्याच्या दोन्ही कडांचा क्लिअर अगदी थोडा झिजवून पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागतो, आणि ते काम पॉलिशचं. बाजारात एकाच डबीवर पॉलिश आणि वॅक्स दोन्ही छापलेलं असतं, त्यामुळे लेबलवर फार भरवसा ठेवू नका. विकणाऱ्याला थेट विचारा, ‘यात घासणारे कण आहेत का?’ असतील तर ते चरे कमी करतं. नसतील तर ते फक्त झाकतं. काही डब्यांत दोन्ही मिसळलेलं असतं, त्यांना क्लीनर वॅक्स म्हणतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला ते चालून जातं. काळ्या गाडीवर त्यातले कण स्वतःचेच बारीक ओरखडे सोडतात, म्हणून तुम्ही ते टाळा.

तुमची गाडी वापरलेली आहे, तेव्हा पॉलिशवाल्याकडे जाताना एक गोष्ट आवर्जून करा. त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का ते विचारा आणि प्रत्येक पॅनेलचं माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. कंपनीचा मूळ रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो. एखादं दार एकदम २५० किंवा ३०० दाखवत असेल तर ते कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे, आत पुट्टीही असू शकते. याउलट एखादं पॅनेल शेजारच्यापेक्षा बरंच कमी भरलं, तर आधीच्या मालकानं ते बरंच घासून घेतलंय. तिथे जोर लावायचा नाही. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. म्हणून दरवर्षी ‘थ्री स्टेज पॉलिश’ करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

त्याच्या हातातलं मशीनही पाहा. एकाच दिशेनं गरगर फिरणारं रोटरी मशीन अननुभवी हातात काळ्या रंगावर धुरकट पट्टे सोडतं. ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत आणि घरी उन्हात आल्यावर दिसतात. ड्युअल ॲक्शन मशीन, म्हणजे गोल फिरता फिरता हलणारं, मऊ फोमचं पॅड आणि मेग्वायर्स कंपनीचं २०५ किंवा मेन्झर्ना कंपनीचं ३८०० यांसारखं फिनिशिंग पॉलिश एवढं तुमच्या जाळ्याला पुरेसं असावं. चऱ्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे. तो पूर्ण काढायच्या मागे लागू नका, थोडा बोथट करून तसाच राहू द्या. पॉलिशच्या आधी क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखी मऊ वडी, फिरवायला सांगा. गाडी धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून हात फिरवलात तर जो खरखरीतपणा जाणवतो, तो क्लेनं निघतो. तुमच्या भागात लोखंडाचे कण जास्त, म्हणून क्लेच्याही आधी आयर्न रिमूव्हर मारला तर फार बरं. लोखंड लागलं की तो द्रव जांभळा होऊन खाली ओघळतो आणि तेवढं क्लेला कमी रगडावं लागतं. काम झालं की गाडी उन्हात काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पाहण्याआधी पॉलिशचं तेल पातळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायला सांगा, कारण त्या तेलाखाली चरे लपतात आणि दोन धुण्यांनंतर वर येतात.

पृष्ठभाग असा सपाट आणि कोरा झाला की मग बाटल्यांची निवड. आता ती सोपी आहे.

भावानं आणलेलं कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. तिथला उन्हाळा कोरडा आणि कडक. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच पानांवर हा थर चढवतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि पडलेल्या भुकटीचं मेण करतात. नैसर्गिक मेणांत ते सगळ्यात कठीण. ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. शुद्ध कार्नोबाचा खडा इतका कडक असतो की तो गाडीवर लावताच येणार नाही. म्हणून डबीत तेलं, द्रावणं आणि दुसरी मऊ मेणं मिसळलेली असतात. ‘१०० टक्के कार्नोबा’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ बहुधा डबीतल्या मेणापैकी सगळं मेण कार्नोबाचं, अख्खी डबी नव्हे. या तेलांमुळेच काळ्या रंगावर कार्नोबा इतकं देखणं दिसतं. रंग ओला आणि खोल भासतो, अगदी बारीक रेषाही काही दिवस दबून जातात. मला स्वतःला काळ्या गाडीवरची ही खोली फार आवडते, आणि तुमचा भाऊ चुकलाय असं मी म्हणणार नाही. पण हे मिश्रण मेच्या उन्हात तापलेल्या काळ्या बोनेटवर मऊ पडतं आणि धूळ धरतं. आपल्या हवेत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर ते दीड-दोन महिने टिकलं तरी खूप. पावसात तर दर महिन्याला लावायला लागेल, आणि पावसाळ्यात कोरडी, सावलीची जागा मिळणार कुठे?

सीलंट कारखान्यात बनवलेलं पॉलिमर असतं. ते कोऱ्या क्लिअरला चिकटतं, सुकून पातळ आणि कडक पापुद्रा होतो, आणि उन्हाला व साबणाला वॅक्सपेक्षा बराच जास्त काळ दाद देत नाही. नीट लावलं तर आपल्याकडे चार ते सहा महिने चालतं. मेग्वायर्सचं २१ किंवा मेन्झर्नाचं पॉवर लॉक ही या जातीची. कॉलिनाइटचं ८४५ हा मधला मार्ग, कार्नोबा आणि पॉलिमर दोन्हींचं मिश्रण. ते मुळात विजेच्या तारांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांसाठी काढलं होतं, म्हणून त्याचं नावही इन्सुलेटर वॅक्स. टिकायला ते फार चांगलं आहे आणि काळ्यावर सीलंटपेक्षा जरा ऊबदार दिसतं. या तिन्हींपैकी जे तुमच्याकडे सहज मिळेल आणि ज्याच्या डबीवर तारीख व पत्ता धड छापलेला असेल ते घ्या. सीलंटची चमक काचेसारखी स्वच्छ, धारदार असते. काहींना ती काळ्यावर थंड वाटते. पण खरं सांगते, पृष्ठभाग सपाट असेल तर दोन्हींतला फरक शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि पृष्ठभागावर जाळं असेल तर दोन्ही तितकीच निराश करतात.

दोन्ही हवंत तर दोन्ही लावता येतात. क्रम मात्र एकच. आधी सीलंट, मग किमान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, मग कार्नोबा. उलटं केलंत तर सीलंट मेणाच्या थरावर बसेल, क्लिअरला धरणारच नाही आणि मेणाबरोबर उतरून जाईल.

लावताना काळ्या गाडीवर जाड थर ही सगळ्यात मोठी चूक. जास्त लावलं म्हणून जास्त टिकत नाही, जास्तीचं सगळं पुसण्यात जातं, आणि ते पुसताना नवे चरे पडतात. फोमच्या चकतीवर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या आणि तेवढ्यात अर्धं बोनेट करा. पांढरट धुकं येईतो थांबा. एका कोपऱ्यात बोट ओढून बघा, खाली स्वच्छ काळं दिसलं की पुसायची वेळ झाली, लिबलिबीत फराटा उठला तर अजून थांबा. पुसायला मऊ, लांब धाग्याचं मायक्रोफायबर घ्या, त्याचं शिवलेलं लेबल आधी कापून टाका. जुनं बनियन, पंचा, जुन्या साडीचा तुकडा हे काही वापरू नका. सुती कापड हाताला मऊ लागलं तरी त्याची शिवण आणि काठ काळ्यावर लगेच उमटतात. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं ते बाद. मायक्रोफायबर इतर कपड्यांबरोबर धुऊ नका आणि त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका. बंपरच्या, आरशांच्या आणि काचांच्या कडेला रंग नसलेलं काळं प्लॅस्टिक असतं, त्यावर आधी मास्किंग टेप लावा. तिथे वॅक्स लागलं तर पांढरा डाग पडतो आणि तो काढायला जीव जातो.

सिरॅमिकबद्दल. ते वाईट नाही. सिलिकाधारित राळेचा हा थर नीट केला तर दोन-तीन वर्षं राहतो, गाडी धुवायला सोपी जाते, आणि घरी बंद पार्किंग असलेल्या, स्वतः गाडी धुणाऱ्या माणसाला मी ते सुचवतेही. पण तुम्हाला आज नको. कोटिंगच्या जाहिरातीतल्या ‘९एच’ आकड्याला भुलू नका. ती पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाची मोजपट्टी आहे. दगडाच्या पुडीनं त्या थरावरही चरे पडतात, आणि मग चरा काढायला थर घासून पुन्हा करावा लागतो. दुसरं म्हणजे सिरॅमिकवर पाणी गोल गोल थेंब होऊन उभं राहतं. दिसायला ते सुरेख, पण तुमची गाडी उघड्यावर आहे. सोसायटीच्या बागेला बोअरचं पाणी देताना शिंतोडे उडाले आणि थेंब उन्हात तिथेच वाळले की प्रत्येकाची एकेक पांढरी कडी होते. पाणी ज्यावरून पडद्यासारखं ओघळून जातं असं साधं सीलंट तुमच्या जागेला जास्त सोयीचं. आधी वर्षभर मामांचं फडकं खरोखर थांबलं का, तुम्हाला आठवड्याचं धुणं जमलं का ते बघा. मग ३२ हजारांचा विचार करा. त्या पैशातला थोडा भाग आत्ताच्या एका चांगल्या पॉलिशला पुरेल.

सासऱ्यांना म्हणावं, त्यांचं निरीक्षण खरं आहे. त्या काळच्या गाड्यांवर पारदर्शक थर नसायचा, रंगच सगळ्यात वर असायचा. तो उन्हानं पिठूळ व्हायचा आणि तेलकट बोळा फिरवला की मेलेला रंग निघून खालचा ताजा दिसायचा, बोळाही त्याच रंगाचा व्हायचा. तुमच्या गाडीवर रॉकेल फिरवलं तर तेलकट चमक दोन तास राहील, धूळ चिकटेल, आणि लावलेलं वॅक्स किंवा सीलंट विरघळून जाईल. तुमच्या गाडीचं एखादं दार पुन्हा रंगवलेलं निघालं आणि तिथे पॉलिश करताना पॅड काळं व्हायला लागलं, तर तिथे क्लिअर नाही असं समजा आणि लगेच हात थांबवा.

शिरीषाखालची जागा बदलता आली तर बदला. नाही जमलं तर दोन गोष्टी ताबडतोब काढायच्या, धुण्याच्या दिवसाची वाट पाहायची नाही. एक पक्ष्यांची विष्ठा आणि दुसरी झाडावरून पडणारे चिकट थेंब. विष्ठेत आम्ल असतं. उन्हात क्लिअर तापून सैल होतो आणि संध्याकाळी त्या डागाभोवती आकसतो, म्हणून तिचा ठसा राहतो. जूनमध्ये जांभळं पिकली की तर विचारू नका. गाडीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन मायक्रोफायबर कायम ठेवा. भिजवा, पाच मिनिटं थांबा, फडकं ठेवून उचला. नखानं खरवडू नका. सिमेंटची भुकटी बसली आणि रात्री दव पडलं असेल तर सकाळी तिला बोट लावू नका, आधी भरपूर पाणी. गणपती विसर्जनाच्या गुलालालाही हेच. झटकायचा किंवा पुसायचा नाही, पाण्यानं वाहून घालवायचा.

आणि शेवटचा प्रश्न, पावसाआधी की नंतर? आधीच. पावसाळाभर चिखल, शिंतोडे आणि झाडाची गळ झेलायची तर क्लिअर उघडा ठेवून चालणार नाही. मेच्या या उरलेल्या दिवसांत पॉलिशवाल्याची वेळ घ्या. गाडी घरी आली की एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत सीलंट लावा, नाहीतर संध्याकाळी पत्रा गार झाल्यावर लावा. त्यानंतर किमान १२ तास गाडीला पाणी लागू देऊ नका. वळवाची सर येईल असं वाटत असेल तर कुणाच्या तरी झाकलेल्या पार्किंगमध्ये एक रात्र ठेवायची सोय करा. पावसाळ्यात धुतल्यावर स्प्रे सीलंटचा एक हलका हात महिन्यातून एकदा दिलात तर खालचं सीलंट दसऱ्यापर्यंत आरामात पोहोचेल. दसऱ्याच्या दोन दिवस आधी नवं सीलंट, दुसऱ्या दिवशी त्यावर भावाचं कार्नोबा. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला बोनेटवर ओलं हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ बांधली जाते. खाली हा थर असेल तर हळदीचा डाग धरत नाही. कुंकू मात्र दुसऱ्या दिवशी कोरडं पुसू नका, पाण्यानं उतरवा, आणि माळेची सुतळी रंगावर घासणार नाही अशी जाळीला बांधा. तोपर्यंत भावाची डबी झाकण घट्ट लावून घरात सावलीत ठेवा. डिकीत ठेवलीत तर उन्हानं त्यातलं द्रावण उडेल, वॅक्स सुकून तडकेल, आणि दसऱ्याला उघडाल तेव्हा ते फडक्याला लागणारही नाही.